दोन माडांमधली तार

आगाशीतल्या त्या वाडीत शिरल्यावर मला आधी दिसते ती बाटली. विहिरीकडच्या माडाला उंचावर एक कप्पी बांधली आहे. तिच्यावरून दोरी खाली उतरते आणि दोरीच्या टोकाला वाळूने गच्च भरलेली बाटली लोंबकळते. अर्नाळ्याकडून वारा सुटला की माड झुकतो, बाटली हातभर वर चढते आणि झाड सावरले की हलकेच खाली येते. मान वर करून पाहिले तरच आपल्याला तिचे प्रयोजन उमगते. पलीकडच्या माडापर्यंत तांब्याची बारीक तार ताणलेली आहे आणि झाडांच्या हेलकाव्यांनी ती तुटू नये म्हणून हा भार. झाडाला स्थिर राहायला सांगता येत नाही, तेव्हा त्याचे डोलणेच तारेने आपलेसे करायचे! ही समजूत मला फार लोभस वाटते.

तार वीस मीटरची, म्हणजे चाळीस मीटर लांबीच्या लहरीची निम्मी. माझ्या स्नेह्यांनी, हौशी रेडिओच्या परवानाधारकाने, ती आधी मुद्दाम थोडी लांब ठेवली आणि मग मीटरच्या काट्याकडे पाहत दोन्ही टोके बोट-बोटभर दुमडत आणली. खाऱ्या हवेने सांधे हिरवे पडतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर ती खाली उतरते, घासली जाते, नव्याने डाखली जाते. राजेळी केळी उन्हात घालून सुकेळी करणाऱ्या या गावाला असली सबुरी वेगळी शिकवावी लागत नाही. आणि चाळीस मीटरच्या या पट्ट्याला मुंबईच्या आसमंतात एक जुनी पुण्याई आहे: १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत होता, आणि ती लहर आजच्या हौशी पट्ट्याच्या आतच पडते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी या तारेचा खरा उत्सव असतो. १९४८ पासून चालत आलेली सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धा आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि अठ्ठेचाळीस तास जगभरचे हौशी मोर्सच्या ठोक्यांतून एकमेकांना शोधत राहतात. दर भेटीत द्यायचे ते दोनच आकडे. पहिला ५९९, ‘तुमचा स्वर स्वच्छ आणि खणखणीत येतो आहे’ असे सांगणारा. स्वर कितीही क्षीण असला तरी तोच दिला जातो, जसे वाटेत भेटलेल्याला आपण ‘बरं आहे ना?’ म्हणतो. मोर्समधला नऊ लांबलचक, चार डा आणि एक डि. घाईत त्याच्या जागी नुसते डा-डि वाजते, आणि त्या काटकसरीने सबंध अभिवादनाला ठुमकती लय येते. दुसरा आकडा आपला, २२. या खेळाने पृथ्वीचे चाळीस विभाग पाडले आहेत. भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव बाविसाव्यात येतात. डि-डि-डा-डा-डा, डि-डि-डा-डा-डा. दोन चपळ पावले आणि तीन सावकाश, पुन्हा तशीच पाच. कान देऊन ऐका, बाविसाइतका डौलदार आकडा या लिपीत क्वचितच सापडेल.

या स्पर्धेतला एक नियम मला मनापासून आवडतो. परखंडातल्या भेटीला तीन गुण, आपल्याच देशातल्या भेटीला शून्य. पण दर पट्ट्यावरचा पहिला देशबांधव गुणक वाढवतो. म्हणजे त्याची स्वतःची किंमत काही नाही, पण त्याच्यामुळे बाकी सगळ्यांची वाढते. घरच्या माणसाचे मोल इतक्या नेमकेपणाने मांडलेले मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाही.

परंतु खरी मैफल संध्याकाळची. दिवसभर या लहरी गिळून टाकणारा वातावरणातला खालचा थर सूर्य अर्नाळ्याच्या समुद्रात बुडताच विरू लागतो, आणि त्याहून कितीतरी उंचावरचा थर आता त्यांना झेलून दूर परतवतो. आधी जपान येतो, कारण तिथे रात्र केव्हाच झालेली असते. मग अंधार जसजसा पश्चिमेकडे सरकतो तसतसे रशिया, हंगेरी, जर्मनी त्याच्या पावलांनी येतात. त्यांच्या मधल्या फटीत कधीतरी कॅलिफोर्निया. त्याचा स्वर उत्तर ध्रुवाजवळून, अरोराच्या प्रदेशातून येतो म्हणून तो कापरा, पाण्यात हलणाऱ्या दिव्यासारखा. नकाशा न पाहता, केवळ त्या थरथरीवरून स्नेही वाट ओळखतात.

गेल्या खेपेला असाच एक स्वर आला आणि नेमकी गावाची वीज गेली. संच गाडीच्या बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. थांबली ती घराघरांतल्या एलईडी दिव्यांची खरखर. अंधारात कानांपुढे एकाएकी केवढे तरी अंगण मोकळे झाले. पलीकडच्याला आमचा आकडा लागला नव्हता, त्याने पुन्हा विचारला. स्नेह्यांनी गती कमी केली आणि एकेक ठोका सुटा करून २२ वाजवला, मग आणखी एकदा. बाहेर वारा आला असावा, कप्पी कुरकुरली. आम्ही श्वास धरून बसलो होतो. मग त्या कापऱ्या स्वरात, अगदी बारीक, त्याचे आभार आले: डा, डि-डि-डा.