आरोग्य सेतू : माहिती किती घ्यावी?

साथीचा रोग पसरू लागला की आरोग्य यंत्रणा पहिला प्रश्न विचारते तो असा : हा रोगी गेल्या काही दिवसांत कोणाकोणाच्या सहवासात आला होता? प्रश्न जुना आहे आणि रास्तही आहे. त्याचे उत्तर वेळेवर मिळाले तर त्या माणसांना सावध करता येते आणि रोगाची साखळी तोडता येते. कोविडच्या साथीत अनेक देशांनी हे काम मोबाईल फोनकडे सोपवून पाहिले. भारतात त्यासाठी २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ते प्रसृत केले. त्यातली संपर्क शोधण्याची सोय आता बंद झाली आहे. साथीचा गोंधळही निवळला आहे. तेव्हा या प्रयोगाकडे शांतपणे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहायला हरकत नाही.

आमचा आक्षेप सुरुवातीलाच सांगतो. आरोग्यासाठी नागरिकाची माहिती घेणे चूक नाही. परंतु एखादे मोजमाप करताना आवश्यक तेवढेच मोजावे, हा प्रयोगशाळेतला नियम इथे पाळला गेला नाही. आणि तो न पाळल्याने खासगीपणाबरोबर आरोग्याच्या हेतूचेही नुकसान होते.

आधी अ‍ॅपचे काम समजून घेऊ. ब्लूटूथ म्हणजे काही मीटर अंतरापर्यंत पोचणाऱ्या रेडिओ लहरी. अ‍ॅप असलेले दोन फोन जवळ आले की ते एकमेकांना आपला क्रमांक कळवत आणि त्याची नोंद ठेवत. पुढे त्यांपैकी एकाला कोविड झाल्याचे कळले, की त्याच्या फोनमधील नोंदी सरकारी संगणकाकडे जात आणि संबंधितांना इशारा मिळे. इथपर्यंत कल्पना सरळ आहे.

पण अ‍ॅप एवढ्यावर थांबत नव्हते. नोंदणीच्या वेळी नाव, फोन क्रमांक, वय, लिंग, व्यवसाय आणि अलीकडचा परदेश प्रवास विचारला जाई. ही माहिती सरकारी संगणकावर राही आणि तिला जोडलेला एक क्रमांक वापरकर्त्याला मिळे. शिवाय उपग्रहांच्या साहाय्याने फोन कोठे आहे याची दर १५ मिनिटांनी फोनमध्ये नोंद होई. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ती फोनमध्येच राही आणि ३० दिवसांनी पुसली जाई, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण माणूस बाधित ठरला, किंवा त्याने दिलेल्या उत्तरांवरून तसा संशय आला, तर ती वर पाठवली जाई.

आता प्रश्न असा, की सहवास शोधायला ठिकाण कशाला हवे? दोन माणसे पंधरा मिनिटे शेजारी बसली, एवढे कळले की पुरे. ती दादरला बसली की धुळ्याला, याने विषाणूला फरक पडत नाही. माणसाला मात्र पडतो. कोण कोणत्या दवाखान्यात गेले, कोणत्या प्रार्थनास्थळी, कोणत्या सभेला, हे ठिकाणावरून कळते. रोग कोणत्या भागात वाढतो आहे हे पाहण्यासाठी ठिकाण हवे, असे त्यावरचे उत्तर होते. ते पूर्णपणे चूक नाही; पण तो वेगळा हेतू झाला. एका हेतूसाठी मागितलेल्या परवानगीत दुसरा हेतू बसवू नये.

कमी माहितीत हे काम होते का? होते, आणि ते वर्गातही करून दाखवता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने दर दहा मिनिटांनी मनाला येईल तो एक मोठा आकडा चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला द्यावा. आपण दिलेले आणि आपल्याला मिळालेले आकडे वहीत वेगवेगळे लिहून ठेवावेत. तासानंतर एक विद्यार्थी ‘आजारी’ ठरवावा. त्याने फक्त आपण वाटलेले आकडे शिक्षकांना द्यावेत आणि शिक्षकांनी ते फळ्यावर लिहावेत. प्रत्येक मुलाने आपली वही पाहावी. ज्याच्या वहीत जुळणारा आकडा सापडेल तो सहवासात आला होता. त्याला ते कळले, पण कोण कोणाशेजारी बसले होते याची यादी शिक्षकांकडे कधीच तयार झाली नाही!

नेमकी हीच रीत स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठातील कार्मेला ट्रोंकोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये मांडली. त्याच महिन्यात, १० तारखेला, अ‍ॅपल आणि गूगल यांनी अशाच पद्धतीची सोय फोनमध्ये देण्याचे जाहीर केले. जर्मनीचे अ‍ॅप १६ जून २०२० रोजी तिच्या आधारे सुरू झाले. या पद्धतीचीही किंमत आहे : साथीचा नकाशा आरोग्य खात्याला आपोआप मिळत नाही. पण तो मिळवण्याचे इतर मार्ग आहेत. चाचण्यांचे निकाल भागवार मांडूनही तो तयार होतो.

‘नावे काढून टाकली की झाले’, असे पुष्कळांना वाटते. ११ मे २०२० च्या सरकारी नियमावलीत नावे काढलेली माहिती इतर खात्यांना, तर अधिक कडकपणे अनामिक केलेली माहिती संशोधन संस्थांना देण्याची तरतूद होती. इथे सावध राहायला हवे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या होत्या. त्यांत नावे नव्हती. तरी कोणत्या तासाला माणूस कोठे होता अशा केवळ चार नोंदी माहीत असल्या, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. आपले घर, आपली शाळा आणि आपल्या वेळा हीच आपली ओळख असते.

आता थोडे गणित. मे २०२० च्या मध्यापर्यंत अ‍ॅप सुमारे १० कोटी फोनांवर उतरवले गेले, आणि तो आकडा यश म्हणून सांगितला गेला. १३८ कोटींच्या देशात हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. पण भेटीची नोंद व्हायला दोघांकडेही अ‍ॅप हवे. म्हणजे ०.०७ चा वर्ग करायला हवा. तो येतो सुमारे ०.००५, दोनशे भेटींत एक. शहरांत अ‍ॅप अधिक असल्याने तिथे हे प्रमाण बरे असणार, तर खेड्यांत याहून कमी. शिवाय ब्लूटूथच्या लहरी भिंतीपलीकडे जातात आणि मानवी शरीरात शोषल्या जातात. त्यामुळे अंतराचा अंदाजही ढोबळच.

ज्या साधनाचे यश सहभागाच्या वर्गावर अवलंबून आहे, त्याला लोकांचा विश्वास सर्वात मोलाचा. तो सक्तीने मिळत नाही. १ मे २०२० च्या केंद्रीय आदेशाने सर्व सरकारी आणि खाजगी कर्मचाऱ्यांना अ‍ॅप बंधनकारक केले. नोएडात पोलिसांनी अ‍ॅप नसणे हा दंडनीय अपराध ठरवला. १७ मे रोजी केंद्राने ‘शक्य तेवढा प्रयत्न’ अशी सौम्य भाषा वापरली. अँड्रॉइड फोनवरील अ‍ॅपची आज्ञावली तज्ज्ञांना तपासण्यासाठी २६ मे रोजी खुली झाली. म्हणजे सक्ती आधी आली आणि तपासणीची संधी नंतर. विज्ञानात हा क्रम उलटा असतो.

सक्तीचे काय होते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. साथरोग कायदा १८९७ साली मुंबई इलाख्यातील प्लेगमुळेच झाला. त्या वर्षी पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या आणि लोक रोग्यांना लपवू लागले. भीती वाटली की माणूस खरी माहिती दडवतो, आणि मग साथ मोजणारे आकडेच खोटे पडतात. मोबाईलच्या काळात लपवणे आणखी सोपे आहे : फोन घरी ठेवला की झाले.

दिलेला शब्द पाळण्याचेही असेच आहे. सिंगापूरच्या अ‍ॅपची माहिती फक्त सहवास शोधण्यासाठी वापरू, असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये उघड झाले की पोलीसही ती मागू शकतात. पुढच्याच महिन्यात कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. नॉर्वेने मात्र जून २०२० मध्ये, माहिती संरक्षण खात्याच्या इशाऱ्यानंतर, आपले अ‍ॅप थांबवले आणि गोळा झालेली माहिती पुसली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर मर्यादा आणायची तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, अशा कसोट्या सांगितल्या. आरोग्य सेतूसाठी संसदेने वेगळा कायदा केला नाही. नियमावलीवर काम चालले. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वापरकर्त्यांच्या संमतीवाचून त्यांची माहिती इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की सहवासाची सोय बंद केली असून तिची माहिती पुसली आहे. हे चांगलेच झाले. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार त्याने सरकारकडेच ठेवला आहे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. आली तर असे साधन पुन्हा येईल आणि बहुधा अधिक सामर्थ्यवान असेल. त्या वेळी आपल्या विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत : कोणती माहिती घेता? तिच्यापेक्षा कमी माहितीत काम का होत नाही? ती कोण पाहणार? आणि ती केव्हा पुसणार? असे प्रश्न विचारणारा साथीविरुद्धच्या लढ्यात अडथळा आणत नाही. मोजमाप नेटके व्हावे असा त्याचा आग्रह असतो, आणि तोच आग्रह आपण प्रयोगाच्या वहीत रोज धरतो.