कंदफुलें आणि आमचे ग्रंथ

फुलांवर लिहिणें आणि फुलें लावणें हीं दोन कामें एकाच माणसानें करावींत अशी सक्ति कोणी करणार नाहीं. तथापि, ज्या भाषेंत पहिलें काम करणारे पुष्कळ आणि दुसऱ्या कामाविषयीं लिहिणारा जवळजवळ कोणीच नाहीं, त्या भाषेंतील पुष्पवाङ्मयाची एकदां झडती घ्यावी असें आम्हांस वाटूं लागलें, त्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं अमरावतीस एका रोपवाटिकेमार्फत आयरिसचे पंधरा कंद मागविले. आयरिसच्या बहुतेक जातींचीं मुळें आल्याच्या गड्ड्यासारखीं आडवीं पसरतात. परंतु तुर्कस्थान, इराण व कॉकेशसच्या डोंगरांतील कांहीं जातींस लसणाएवढा कांदा असतो. आमचे कंद त्यांपैकीं. बारा आठवडे त्यांस शीतकपाटांत ठेवून खोटा हिंवाळा दाखविला, मार्गशीर्षांत कुंड्यांत लावले आणि माघांत अकरा फुलें आलीं: वीतभर उंच, गर्द जांभळीं, पाकळीवर केशरी रेघ. दुसऱ्या वर्षीं गवतासारखीं पानें मात्र आलीं. तिसऱ्या वर्षीं कुंड्यांत माती होती.

दोष कंदांचा नव्हता आणि मातीचाहि नव्हता. ह्या झाडांस उन्हाळ्यांत कोरडी झोंप लागते, ती वऱ्हाडांत हवी तितकी मिळते. परंतु झोंपेपूर्वीं लांबलेला गार वसंत लागतो. पानें हिरवीं असतात तेवढ्या दिवसांतच कांदा पुढील सालचें फूल आंत सांठवितो. आमच्याकडे फाल्गुन सरतो न सरतो तोंच ऊन पानें जाळून टाकतें, कांदा उपाशीच निजतो आणि फुटून बारीक कण्या होतात. ह्याच कुळांतील पिवळ्या फुलांची एक जात तर थंड मुलखांतहि एकदां फुलली कीं तांदळाच्या दाण्यांएवढ्या कंदिका करून बसते. तेव्हां ज्यास हीं झाडें खरोखर हवीं त्यानें विकतचा कंद नव्हे, बीं लावावें, असें जाणते सांगतात. बीं उगवण्यास कधीं एक, कधीं दोन हिंवाळे जातात. त्यापुढें फूल दिसण्यास आणखी तीनपासून पांच वर्षें.

हें जाणत्यांचें ज्ञान आम्हांस जेथें मिळालें तो ग्रंथ मुद्दाम सांगण्याजोगा आहे. विल्यम डाइक्स हा इंग्लंडांतील चार्टरहाउस शाळेंत मास्तर होता. त्याचा 'द जीनस आयरिस' हा जाडजूड ग्रंथ १९१३ सालीं केंब्रिजहून निघाला. त्याच्यापूर्वीं मायकेल फॉस्टर ह्यानें १८९२ सालीं केवळ कंदवाल्या आयरिसांवर एक पुस्तिका लिहिली होती; फॉस्टर हा केंब्रिजचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे वनस्पतिशास्त्र हा त्याचा धंदा नव्हे. त्याला दूरदूरचे मिशनरी कंद पाठवीत आणि तो ते आपल्या बागेंत लावी. तो १९०७ सालीं वारला. त्याचीं टिपणें पुढें डाइक्सच्या हातीं आलीं. डाइक्सनें नुसत्या वाळवून चिकटविलेल्या नमुन्यांवर भरंवसा ठेविला नाहीं. बीं पेरून, रोपें वाढवून, एका जातीचीं लेंकरें आईबापांशीं कितपत जुळतात हें पाहून त्यानें जातींचीं नांवें ठरविलीं. वर्णन करणाऱ्याच्या हाताला माती लागलेली असली म्हणजे वर्णनाची जात बदलते, ह्याचा प्रत्यय त्या पुस्तकाच्या पानोपानीं येतो. ग्रंथ कोरडा आहे आणि त्यांत कवित्व शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल. परंतु आयरिसचा कंद कोणत्या महिन्यांत काय करीत असतो हें त्यास ठाऊक आहे.

आतां आमच्या कपाटाकडे वळूं. मेळघाटांत रानटी आयरिस उगवत नाहीं. पण त्यामुळें आमचें कांहीं अडलें नाहीं. गाविलगडच्या रांगांत मृगाचा पहिला पाऊस पडतांच भुईतून जें वर येतें त्यांत कळलावी आहे, पांढरी मुसळी आहे. रानकांदा तर पावसाचीहि वाट पाहत नाहीं. भर उन्हाळ्यांत, एकहि पान नसतां, नुसता फुलांचा दांडा उभा करतो. ह्यांविषयीं वाचावयास बसलें तर प्रथम हाताशीं येतात ते वैद्यकाचे ग्रंथ. डॉ. वामन गणेश देसाई ह्यांचा 'ओषधीसंग्रह' (१९२७) हा त्यांतील आदरणीय. पण गुण, मात्रा आणि उपयोग हा त्याचा विषय. औषधाच्या ग्रंथांत कंद येतो तो उपटलेलाच येतो.

शास्त्रीय सूचींची स्थिति वऱ्हाडापुरती अधिक चमत्कारिक आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक ह्यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत काढला. परंतु वऱ्हाड त्या इलाख्यांत नव्हता, १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला होता. सरकारी हद्द जेथें संपली तेथें कुकसाहेबांचें फूलहि संपलें. अकोला जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची निघावयास १९८८ साल उजाडलें, आणि तीहि इंग्रजींत.

राहिलें ललित वाङ्मय. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें आणि मराठी वाचकाचे डोळे त्यानें उघडले, हें निर्विवाद. मारुतीराव चितमपल्ली (निधन २०२५) ह्यांनीं वनखात्यांत आयुष्य काढलें, मेळघाटांतहि नोकरी केली, आणि रानांतले कित्येक शब्द मराठींत आणून सोडले. ह्या दोघांचें ऋण आम्ही मानतों. तरी पण ही पाहणाऱ्याची दृष्टि आहे. लावणाऱ्याचा हात नव्हे. त्यांच्यामागून जे अनुकरण करणारे आले त्यांच्या लेखांत तर फूल उमलतें, लेखकाचें मन मोहरतें, आणि लेख संपतो. फुलाचा ऋतु तीन आठवड्यांचा असेल, तर उरलेले एकोणपन्नास आठवडे तें झाड कोठें होतें, हा प्रश्न त्यांस पडत नाहीं.

हा प्रश्न न पडल्यानें काय घडतें तें पांढऱ्या मुसळीनें दाखविलें. सांतापाव व फर्नांडिस ह्यांनीं १९५५ सालीं ह्या जातीचें शास्त्रीय वर्णन केलें आणि बोरिवलीवरून तिचें नांव ठेविलें. श्रावणांत तिला नाजूक पांढरीं फुलें येतात, पुढें कांद्याच्या बियांसारखें काळें बीं धरतें, आणि आश्विनापर्यंत पानें पिवळीं पडून झाड भुईखालीं जातें. बीं थोडेंच उगवतें. म्हणून बागाईतदार मुळांचे झुबके लावतो. ह्यांतहि मेख आहे. मुळी कितीहि जाड असो, तिच्या डोक्यावर मधल्या चकतीचा तुकडा नसेल तर ती फुटत नाहीं. अंजनगांव-सुर्जी, अकोट ह्या बाजूंस पानमळे आणि पिंपळी करणाऱ्या बारी मंडळींनीं ही कला हस्तगत केली. २००० सालाच्या सुमारास मात्र मुसळीची लाट आली. लागवडीचें बेणें अवाच्या सवा दरानें विकलें गेलें, माल परत घेण्याचीं वचनें देणारे पुढें दिसेनासे झाले, आणि बेण्यासाठीं रानें खणलीं गेलीं तीं वेगळींच. त्या वेळीं निघालेलीं पत्रकें आम्हीं वाचलीं होतीं. एकरीं किती रुपये सुटतील हें सर्वांत होतें. चकतीची गोष्ट ज्यांत स्पष्ट सांगितली आहे असें एकहि आम्हांस आठवत नाहीं. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या आवारांत नागार्जुन औषधी वनस्पति उद्यान आहे. तेथें एक तास हिंडल्यानें जें कळतें तें त्या गठ्ठाभर कागदांत नव्हतें.

कोणी म्हणेल, अशा लेखनास मराठींत शब्द कोठें आहेत? हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कोशकारांनीं दृढकंद, ग्रंथिक्षोड अशीं नांवें घडविलीं. तीं परीक्षेपुरतीं ठीक आहेत. परंतु हळदवाल्यापाशीं जेठा गड्डा, बगल गड्डा आणि हळकुंड असे तीन वेगळे शब्द तिन्ही वेगळ्या वस्तूंस पूर्वींपासून आहेत. लसणाची गड्डी आणि तिची कुडी ह्यांतील फरक स्वयंपाकघरांतील मुलीसहि ठाऊक असतो. कांद्यास फुलाचा दांडा आला कीं शेतकरी त्यास डेंगळा म्हणतो. बियांसाठीं तो कोणता राखावा आणि कोणता मोडावा हेंहि तो जाणतो. डाइक्सनें जें शेंकडों पानांत लिहिलें त्यासाठीं लागणारें अर्धेंअधिक शब्दभांडार वऱ्हाडच्या बाजारांत रोज बोललें जातें. उणीव आहे ती बीं पेरून पांच वर्षें टिपणें ठेवणाऱ्या लेखकाची. फॉस्टर प्राध्यापक होता, डाइक्स मास्तर होता. अमरावती-अकोल्यास दोहोंचाहि तुटवडा नाहीं.

आयरिसच्या रिकाम्या कुंड्यांत आम्हीं गेल्या वर्षीं कळलावीचें बीं पेरलें. (नांव ऐकून घरांत थोडी थट्टा झाली, वास्तविक तें प्रसूतीच्या कळांवरून पडलें आहे, भांडणांवरून नव्हे.) झाड विषारी असल्यानें कुंड्या मुलांच्या हाताबाहेर, गच्चीच्या कठड्यापाशीं ठेविल्या आहेत. वाढलेल्या झाडाचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतांत लांगली. त्याच्या दोन्ही भुजांच्या टोंकास एकेक डोळा असतो, आणि तें टोंक मोडलें कीं ती भुजा वांझ. चाळीस बियांपैकीं सात उगवलीं. कार्तिकांत पानें वाळल्यावर एक कुंडी उकरून पाहिली, तों कंद वाटाण्याएवढा निघाला. तो तसाच परत पुरला. पहिलें फूल येण्यास अजून दोन-तीन पावसाळे तरी लागतील. तोंवर टिपणवहींत उगवणीची तारीख, पानांची संख्या आणि पाणी बंद केल्याचा दिवस, एवढेंच लिहिलेलें आहे.