वडाचे हरीण आणि बॅम्बीची आई

नेरळला शाळेत असताना एक कार्टून पाहिले होते. शाळेच्या भिंतीवर चादर लावून, खटखट वाजणाऱ्या प्रोजेक्टरवर. त्यातले जंगल, राजा, हरणांचा कळप आणि शेवटी मारली जाणारी आई मला नीट आठवते, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. गेल्या पावसाळ्यात माथेरानला मुक्काम असताना ते पुन्हा पाहिले. फिल्म्स डिव्हिजनचा ‘द बनियन डिअर’, साल १९५७. त्यात आई मरत नाही. ते मरण मी डिस्नेच्या ‘बॅम्बी’मधून (१९४२) उचलून इथे आणून ठेवले होते.

चूक माझीच, पण तिला आधार आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील कार्टून विभागाला वळण लावण्यासाठी अमेरिकी साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतातला, उमेदवारी डिस्नेकडची, आणि ‘बॅम्बी’वर त्यांनी स्वतः काम केलेले. जी. के. गोखले, राम मोहन ही आपल्याकडची मंडळी त्यांच्याकडे शिकली आणि त्या शिकण्यातूनच हा छोटा चित्रपट झाला. त्यामुळे हरणांचे मोठे, ओले डोळे आणि लटपटते पाय ओळखीचे वाटतात. समीक्षकांनी या अनुकरणावर बोट ठेवले, ते रास्तच आहे. मात्र रेषा उसनी म्हणून विचारही उसना, असे मानून आपण हा चित्रपट बाजूला सारला. तिथे आपले चुकले.

‘बॅम्बी’ मूळची १९२३ची, ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स साल्टन यांची कादंबरी. डिस्नेच्या चित्रपटात माणूस एकदाही दिसत नाही. बंदुकीचा आवाज येतो, आग लागते, आई परत येत नाही. टायरस वाँग यांच्या धूसर, चिनी चित्रकलेचा संस्कार असलेल्या रानात माणूस म्हणजे केवळ एक संकट, वणव्यासारखे. मुलाच्या मनावर याचा परिणाम खोल होतो. पण जे दिसतच नाही, त्याच्याशी बोलायचे कसे?

‘द बनियन डिअर’ची कथा निग्रोधमिग जातकातली आहे. निग्रोध म्हणजे वड. इथे माणूस समोर आहे. वाराणसीचा राजा रोज शिकार करतो. धावपळीत नाहक जखमी होण्यापेक्षा रोज एकाने पाळीने मरणाला जावे, असे हरणांचे दोन्ही कळप ठरवतात. एक दिवस पाळी गाभण हरिणीवर येते. पाडस होईपर्यंत मला वगळा, अशी ती आपल्या नायकाला, शाखमृगाला, विनवणी करते. तो म्हणतो, पाळी म्हणजे पाळी. मग ती दुसऱ्या कळपाच्या नायकाकडे, वडाच्या हरणाकडे जाते.

शाखमृग दुष्ट नाही. नियम सर्वांना सारखा, हे त्याचे म्हणणे खोडता येत नाही. वडाचे हरीणही तो मोडत नाही. हरिणीची पाळी दुसऱ्या कुणावर ढकलली तर तो अन्याय होईल, म्हणून ते स्वतःच जाऊन ठोकळ्यावर मान ठेवते. दयेची किंमत दया करणाऱ्याने भरायची, एवढे साधे सूत्र. राजा हलतो तो या हिशेबाने.

जातकात पुढेही एक भाग आहे. अभय मिळालेली हरणे शेतात शिरून पिके खाऊ लागतात आणि शेतकऱ्यांना हात उगारता येत नाही. तेव्हा वडाचे हरीण आपल्या कळपाला आवरते आणि शेतकरी बांधावर पाल्याची खूण लावतात. दया संपते तिथे करार सुरू होतो. ‘बॅम्बी’च्या जगात असा करार संभवत नाही, कारण तिथल्या माणसाला चेहराच नाही.

माथेरानला हे जास्त जाणवले. इथे मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापुढे आजही बरेचसे ओझे घोड्याच्या पाठीवरून जाते, आणि घोड्यांचेही नंबर लागतात. एक घोडी दोन दिवस नुसतीच बांधलेली दिसली, म्हणून तिच्या मालकाला विचारले.

“गाभण हाय ना, साहेब. नंबर बुडतो. बुडू दे.”

त्या घोडीचे डोळे बॅम्बीसारखे नव्हते. पाठीवर जुन्या खोगिराचा वळ होता, अंगावर माश्या होत्या. तिच्याकडे पाहून कुणी पर्यटक हळहळत नव्हता. गोंडस डोळ्यांवर पोसलेली आपली करुणा अशा जनावरापर्यंत पोहोचत नाही, आणि या बाबतीत ‘द बनियन डिअर’ची रेषाही ‘बॅम्बी’इतकीच दोषी आहे. तिची कथा मात्र तिथवर पोहोचते.

लहानपणी मी त्या आईला मारून टाकले, कारण रडू येईल तीच गोष्ट खरी, असे मला वाटत होते. साठीनंतर पाहताना लक्षात राहिली ती तिला वाचवण्याची किंमत.