‘कमी दाबाचा पट्टा’

पावसाळ्यांत कोणतेंही वर्तमानपत्र उघडावें, तों ‘कमी दाबाच्या पट्ट्यामुळें पाऊस’ हें वाक्य पुढें उभें राहतेंच. वाक्य खोटें नाहीं. पण तें इतकें अर्धवट आहे कीं, त्यानें वाचकाचें समाधान होतें, ज्ञान मात्र होत नाहीं. दाब उतरला म्हणजे सभोंवारचा वारा तिकडे धांवतो. त्या वाऱ्यांतील बाष्प उंच चढून निवावें, तेव्हां पाऊस. त्यास चढवितो कोण, हा प्रश्न आमचे वार्ताहर विचारीतच नाहींत.

सातारा-सांगलीकडे त्याचें उत्तर सह्याद्रि हें आहे. महाबळेश्वरीं वर्षास ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. त्याच जिल्ह्यांतील दहिवडीस ५०० च्या आसपास. घाट ओलांडून वारा खालीं उतरतो, तापतो, कोरडा होतो. माणदेश त्या पर्जन्यछायेंत सांपडला आहे. २०१९ च्या ऑगस्टांत बंगालच्या उपसागरांतील कमी दाबाचें क्षेत्र तीव्र होऊन ओडिशावर आलें. त्याच्या ओढीनें अरबी समुद्रावरील वारा बळावला आणि घाटावर आदळला. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यांत, जत-आटपाडीकडे लोक टँकरची वाट पाहत होते. एकाच वाऱ्याचें हें दुहेरी देणें ‘पट्टा’ या एका शब्दांत कसें मावावें?

पाठ्यपुस्तकांचा दोष निराळा. तीं इंग्रजी ग्रंथांवरून उतरलेलीं, म्हणून त्यांत उष्ण व शीत ‘आघाड्यां’चीं चित्रें हटकून असतात. ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेंतील बर्गेन येथें विल्हेल्म ब्यर्कनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडली; दोन वायुराशींच्या सीमेस त्यांनीं रणांगणावरचेंच नांव दिलें. युरोपच्या आकाशास तें शोभतें. आमच्या मोसमी पावसांत अशी आघाडी नसतेच म्हटलें तरी चालेल. (शिवाय ‘आघाडी’ म्हणतांच आमच्या विद्यार्थ्यांस मंत्रिमंडळ आठवतें, तें वेगळेंच.) कऱ्हाडच्या मुलानें नॉर्वेचें आकाश पाठ करावें, आणि दारांतल्या डोंगराचें काम त्यास कोणी सांगूं नये, हें आम्हांस खटकतें.

माण-जतकडचा भरंवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरांत येतो. समुद्रावरचा वारा ओसरलेला असतो. दुपारच्या उन्हानें तापलेली हवा जागच्या जागीं चढते, आणि सायंकाळीं गडगडून कोसळते. त्या पावसास वर्तमानपत्रांत फार तर दोन ओळी मिळतात. त्यांतही पट्टा असतोच.