खून कोणी केला, हे गावाला माहीत असतं

७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातल्या शेणोली स्टेशनजवळ तुफान सेनेच्या पोरांनी पगाराची रेल्वेगाडी अडवून रक्कम ताब्यात घेतली. इंग्रज सरकारच्या दप्तरात हा दरोडा. कृष्णाकाठच्या गावांत हाच प्रसंग प्रतिसरकारचा पराक्रम म्हणून सांगितला जातो; कॅप्टन भाऊ, जी. डी. बापू लाड ही नावं घेताना माणसं आजही आदरानं बोलतात. आपल्याकडच्या गुन्हेकथेविषयी काही म्हणायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. गुन्ह्याची हकिगत ऐकताना इथल्या माणसाला ‘कोणी केला?’ हा प्रश्न पडत नाही, कारण ते आधीच कळलेलं असतं. गाव गप्प का राहिलं, फितूर कोण झालं, आणि झालं ते बरं झालं की वाईट, यावर पारावरची रात्र सरते.

अण्णाभाऊ साठे याच मुलखातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. १९५९ची ‘फकिरा’ ही खजिना लुटणाऱ्याची कादंबरी आहे, पण तिला कोणी गुन्हेकथा म्हणणार नाही. लूट कुणी केली हे तिथं पहिल्यापासून उघड आहे आणि वाचकाचं मन लुटणाऱ्याच्या बाजूनं आहे. ‘वारणेचा वाघ’मध्येही तेच. पुढं बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर कायद्याच्या लेखी फरारी खुनी होते. लोकांनी त्यांच्यावर गाणी रचली, पडद्यावर मिलिंद गुणाजीनं त्यांना उभं केलं. जानेवारी २०१८मध्ये ते वारले तेव्हाही त्यांच्याविषयी बोलताना लोकांचा सूर आरोपीविषयी बोलतानाचा नव्हता. आणि पोलीस? सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’ या वगात जुळे हवालदार रंगवले आणि महाराष्ट्रभर तंबू हसवला. फौजदारी कथेत पोलीस म्हणजे एक तर जुलमी, नाही तर विनोदी. हुशार पोलीस आपल्या कल्पनेत फार उशिरा आला, तोही मुंबईहून.

म्हणून मराठी रहस्यकथेचा जो सुवर्णकाळ सांगतात, त्याकडे कराडसारख्या गावातून पाहिलं की चित्र जरा वेगळं दिसतं. बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६ ते १९९६) हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. झुंझार, काळापहाड, धनंजय ही मंडळी तालुक्याच्या वाचनालयांत पानं सुटेपर्यंत फिरली. गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज देऊन बाराशेच्या आसपास मजल मारली. २०२१मध्ये ते गेले. सुहास शिरवळकरांचे (१९४८ ते २००३) फिरोज इराणी, दारा बुलंद, अमर विश्वास कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतले. या लेखकांनी वाचायची सवय लावली, हे आता सगळे कबूल करतात. कबूल करताना थोडा उपकाराचा सूर असतो, तो मला आवडत नाही. पण त्याच्या उलट, ‘समीक्षकांनी अन्याय केला’ हे रडगाणंही मला अर्धंच पटतं.

साधा हिशेब करावा. पन्नास वर्षांत हजार पुस्तकं म्हणजे वर्षाला वीस, म्हणजे अडीच-तीन आठवड्यांना एक. या वेगात कथानकाची कळ फिरवता येते, संशयाची सुई एकावरून दुसऱ्यावर नेता येते, शेवटच्या पानावर मुखवटा काढता येतो. एखादं ठाणं, एखादा तालुका, तिथला मामलेदार, तिथली भाऊबंदकी हे बघायला सवड कुठून मिळणार? त्यामुळे या कथांतली मुंबई म्हणजे बंगले, मोटारी, धक्का आणि टेलिफोन. कराडच्या वाचकाला ती परीकथेइतकीच लांबची, आणि तितकीच गोड. माझा एक अंदाज आहे, सिद्ध करता येणार नाही: इकडं धनंजय या गुप्तहेरापेक्षा काळापहाड जास्त आवडला असणार. तो कायद्याच्या बाहेर राहून दुर्जनांना लुटणारा. तो इथल्या माणसाला ओळखीचा वाटला असणार.

या सगळ्यांत एक नाव वेगळं काढायला हवं, ते कोल्हापूरच्या बाबा कदमांचं. ते स्वतः फौजदारी कोर्टात सरकारच्या बाजूनं उभे राहिलेले वकील. त्यांच्या कादंबऱ्या रंजनासाठीच लिहिलेल्या, काही ठिकाणी फार गोड आणि फार सोप्या. पण फिर्याद कशी नोंदवतात, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याचा घसा का कोरडा पडतो, जमिनीच्या वादात खून कुठल्या टप्प्यावर होतो, हे त्यांना ऐकून नव्हे तर बघून ठाऊक होतं. दक्षिण महाराष्ट्राच्या मातीतली मराठी गुन्हेकथा कशी होऊ शकली असती, याची चुणूक त्यांच्याकडे मिळते. पुढे कोणी ती वाट धरली नाही.

रंगभूमीनं मात्र हे फार आधी ओळखलं. १९६२मध्ये आलेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. खऱ्या खटल्यावरून बेतलेलं हे कोर्टनाट्य. पहिल्या प्रवेशापासून प्रेक्षकाला माहीत असतं की हाच तो. तरी तीन तास माणूस हलत नाही, कारण प्रभाकर पणशीकर दर वेळी नव्या वेषात येऊन तितक्याच निर्लज्जपणे नाकबूल करतात, आणि आपण बघत राहतो की एवढी माणसं याच्यावर विश्वास ठेवतात कशी. निपाणीसारखं सीमेवरचं बाजाराचं गाव त्याला शोभून दिसतं. जिथं माणसं येतात-जातात, तिथंच असल्या बहुरूप्याचा धंदा चालतो. उलट, अलीकडे विजय केंकरे आणि नीरज शिरवईकर यांच्या जोडीनं ‘अ परफेक्ट मर्डर’सारखी जी चकचकीत थरारनाट्यं आणली, ती बेतीव आणि बांधीव आहेत, तिकीट वसूल होतं; पण पात्रांची आडनावं बदलली तर ती कुठल्याही शहरात घडतील.

पडद्याकडे वळू. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४चा. त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला, म्हणजे मराठी रहस्यपट हिंदीनं उचलावा असाही काळ होता. १९८६च्या ‘माफीचा साक्षीदार’नं पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खुनांची गोष्ट उचलली, तेव्हा त्या खटल्यातल्या आरोपींना फाशी होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यानंतर मोठी पोकळी. निखिल महाजनचा ‘पुणे ५२’ (२०१३) हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत कमी बोलला गेलेला चांगला प्रयत्न. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा खासगी गुप्तहेर, काम काय तर नवरा-बायकोच्या संशयाचे फोटो काढायचे. घरी बायको पैशाचा हिशेब विचारते. धनंजयाच्या वंशजाची ही अवस्था गिरीश कुलकर्णीनं फार कडवट केली. उत्तरार्धात चित्रपट स्वतःच गोंधळतो, ते खरं. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (२०२३) उत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. तिथंही रहस्य कसलं? खुनाचा बेत आपल्यासमोर शिजतो, आपण बेत करणाऱ्यांच्या गाडीत बसलेले असतो, आणि बेत फसत जातो तसं आपल्याला हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते.

गोव्याच्या साळगावकर कुटुंबाची गोष्ट सांगणारा हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) निशिकांत कामतनं केला, त्याचाही सांगाडा असाच आहे. मूळ मल्याळम. खून कसा झाला हे आपल्याला ठाऊक, पोलिसांना नाही. गायतोंडे हा मारकुटा पोलीस तिथं जो तिरस्कार ओढवून घेतो, त्याची मुळं काळू-बाळूंच्या तंबूपर्यंत पोचतात असं मला वाटतं. तिथं तंबू हसला, इथं थिएटर दात-ओठ खातं, एवढाच फरक.

मानवत हत्याकांडानं मात्र या रीतीला वेगळं वळण दिलं. परभणी जिल्ह्यातले ते खून १९७२ ते १९७४मधले. अमोल पालेकरांनी १९८१मध्ये, विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून, ‘आक्रीत’ केला. पुढं ऑक्टोबर २०२४मध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर आली. ‘आक्रीत’ला तपासाशी देणंघेणं नव्हतं, गुप्तधनाच्या आणि पुत्राच्या हव्यासात माणसं कशी विरघळतात, हे त्याला दाखवायचं होतं. मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर आधारलेली, म्हणून ती मुंबईहून गावात येणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांनी बघते. आशुतोष गोवारीकरचा संयम, मकरंद अनासपुरेला विनोदाबाहेर काढून दिलेलं काम, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांची बोली, सगळं मोलाचं. तरी मला वाटतं की साहेब जिथं थांबतो तिथंच मालिकाही थांबते. गावानं काय काय पाहिलं होतं, हे साहेबाला कोणी सांगत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. एक गोष्ट टोचते: इतक्या मराठी प्रकरणाचं मूळ पुस्तक मराठी अधिकाऱ्यानं लिहिलं, ते इंग्रजीत.

आता ‘देवमाणूस’. ऑगस्ट २०१६मध्ये वाईजवळच्या धोमचं प्रकरण बाहेर आलं. डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसानं २००३पासून सहा खून केल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. चार वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी, झी मराठीवर त्यावरून सुचलेली मालिका सुरू झाली. निर्मात्या श्वेता शिंदे साताऱ्याच्या, त्यामुळं निर्मितीतच घरचा कान होता. किरण गायकवाडचा डॉक्टर खुनी आहे, हे पहिल्याच आठवड्यात उघड. रोज संध्याकाळी घराघरांत चर्चा व्हायची ती ‘आता कोण फसणार’ याची, आणि ‘गावाला कसं कळत नाही’ याची. सरू आजी शिव्या आणि म्हणी झाडत असते, तिला सगळ्यात आधी वास येतो, आणि तिचं कोणी ऐकत नाही. हे पात्र म्हणजे मराठी गुन्हेकथेला गेल्या दहा वर्षांत मिळालेली सर्वांत खरी गुप्तहेर. सुरुवातीचे महिने ही मालिका फार चांगली होती. लाळघोटेपणा, औषधाच्या बाटलीवरची श्रद्धा, एकट्या बाईच्या पैशाकडे गावाची नजर, हे सगळं आपल्याकडचं. मग लोकप्रियतेनं तिला गिळलं. शहरातून तडफदार अधिकारी आली, मृत माणसं परतू लागली, दुसरं पर्व निघालं, २०२५मध्ये ‘मधला अध्याय’ही निघाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘देवमाणूस’ याच नावाचा, महेश मांजरेकरांची भूमिका असलेला चित्रपट आला, त्याचा या मालिकेशी संबंध नाही. तो हिंदी ‘वध’चा अवतार.

पुस्तकांत मात्र सामसूम आहे. ‘धनंजय’ हा दिवाळी अंक निघतो, जुन्या रहस्यकथांच्या नव्या आवृत्त्या दिसतात, अनुवादित थरारकादंबऱ्यांचे ठोकळे विकले जातात. शिरवळकरांच्या ‘समांतर’वर २०२०मध्ये वेब मालिका आली, म्हणजे पडदा जुन्या पुस्तकांत खणतो आहे, नवीन पुस्तक त्याला फारसं मिळत नाही. बंगाल्यांकडं ब्योमकेश आणि फेलूदा आहेत. शरदिंदू बंद्योपाध्याय आणि सत्यजित राय या नावांनी तो प्रकार साहित्याच्या माजघरात बसला. आपल्याकडं १९७५मध्ये दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखाली आणि २००३मध्ये सुभाष भेंड्यांच्या अध्यक्षतेखाली कराडला साहित्य संमेलन झालं, जानेवारी २०२६मध्ये ९९वं साताऱ्यात झालं. अर्नाळकर, नाईक किंवा शिरवळकर यांच्यापैकी कोणी कधी त्या खुर्चीवर बसलं नाही. याचं दुःख मला नाही. दुःख याचं की ग्रामीण वास्तव लिहिणाऱ्या आपल्या ताकदीच्या लेखकांनी पोलीस ठाण्याचा उंबरा क्वचितच ओलांडला, आणि रहस्यकथाकारांनी गावाचा.

लिहायची सामग्री तर पायाशी पडलेली आहे. साखर कारखान्याची निवडणूक, कृष्णेतली वाळू, महामार्गालगत गुंठ्यागुंठ्यानं विकली जाणारी शेती, सातबाऱ्यावरून उडवलेलं बहिणीचं नाव, कोयनेच्या धरणग्रस्तांच्या जमिनींचे दोन पिढ्यांचे वाद. आणि ते बघायला मोक्याच्या जागी बसलेला माणूस म्हणजे ठाणे अंमलदार. बदल्यांतून साहेब येतात-जातात. पंचनामा लिहिणारा, मुद्देमालाची चिठ्ठी चिकटवणारा, पंच कुठून आणायचे हे पाठ असलेला हवालदार तिथंच असतो. (१ जुलै २०२४पासून खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं, आपले संवादलेखक अजून ३०२वरच आहेत.) या हवालदाराला ना काळू-बाळूसारखा विदूषक करायची गरज आहे, ना मुंबईचा सिंघम.

धोमच्या प्रकरणात मला छळते ती खुनाची पद्धत नव्हे. एक बाई घरातून जाते, परत येत नाही. घरचे ठाण्यात ‘मिसिंग’ देतात. नोंद होते, बहुधा कुणी तरी म्हणतं की गेली असेल कुणाबरोबर, येईल. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पहिला खून २००३चा आणि शेवटचा २०१६चा. मधली तेरा वर्षं अशी वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या समजुती काढत गेली. ‘देवमाणूस’नं खुनी दाखवला, दोनदा-तीनदा दाखवला. पण त्या तेरा वर्षांत हरवलेल्यांची नोंदवही कोणाच्या टेबलावर होती, तिची पानं एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचली का, याची कादंबरी मराठीत मी अजून वाचलेली नाही.