खटका लागत नाही : एका पुस्तिकेचे रसग्रहण

मराठी समीक्षकांनी कथा तपासली, कादंबरी तपासली, कवितेची तर इतकी तपासणी केली की ती बिचारी प्रकृतीने खालावली. पण ज्या वाङ्मयाची एक तरी प्रत घरोघरी असते आणि जिचं पहिलं पानही कुणी उलटलेलं नसतं, त्या वाङ्मयाकडे कुणा समीक्षकाने ढुंकून पाहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी यंत्राबरोबर फुकट मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेविषयी बोलतो आहे. हे वाङ्मय साधारणपणे कपाटाच्या वरच्या खणात राहतं. सोबतीला वॉरंटी कार्ड, बिलाची झेरॉक्स आणि थर्मोकोलचा एक तुकडा. हा तुकडा कशासाठी ठेवला हे कुणालाच सांगता येत नाही, पण टाकायला काढला की घरातलं कुणीतरी ‘असू दे, लागेल’ म्हणतंच.

आता, मला समीक्षेचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी बी.कॉम. गेली वीसेक वर्षं बँकेत कारकून. बारीक टायपातले कागद लोकांपुढे सरकवायचे, ‘इथे, इथे आणि इथे’ अशी पेन्सिलीने फुली मारायची आणि त्यांनी ते न वाचता सह्या करायच्या, यावर माझा संसार चालतो. तेव्हा न वाचल्या जाणाऱ्या वाङ्मयाबद्दल बोलायला माझ्याहून लायक माणूस शोधूनच काढावा लागेल.

प्रस्तुत पुस्तिका कपडे वाळवायच्या यंत्राची आहे. ड्रायर म्हटलं की आपल्याला जुन्या वॉशिंग मशीनच्या पोटात शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन टोपल्यांतली गरागरा फिरणारी धाकटी आठवते. हा तो नव्हे. ती कपडे पिळते. हा स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतो, समोर गोल दार असतं, आणि पोटातला ड्रम फिरवत गरम हवेने कपडे वाळवतो. मुंबईकडच्या पावसाळ्यात दोऱ्यांवरचे कपडे वाळत नाहीत. फार तर ओलं राहून राहून कंटाळतात. आलेल्या पाहुण्यांना पायजम्याच्या दोन पायांमधून वाट काढत कोचापर्यंत यावं लागलं, की गृहस्थ कर्ज काढून असं यंत्र आणतो.

दोन पावसाळे उत्तम गेले. तिसऱ्याला दाराचा खटका लागेना आणि घरात खटके उडायला लागले. दार लावावं, की ते पाहुण्यासारखं हळूच पुन्हा आत डोकावायचं. दार लागत नाही म्हणून यंत्र चालत नाही, यंत्र चालत नाही म्हणून दोऱ्या पुन्हा बांधायच्या. “अहो, कॉमर्सवाले असलात तरी वाचता येतं ना? मग ते पुस्तक काढून वाचा की!” असा सल्ला मिळाला. म्हणून मी ही कृती प्रथमपासून अखेरपर्यंत वाचली. घरात असं करणारा मी पहिलाच.

लेखकाविषयी काही कळत नाही. ओव्या आणि उखाण्यांप्रमाणे कर्ता अनाम आहे. भाषा मराठी आहे, असं मुखपृष्ठावर छापलेलं असल्यामुळे मानायला हरकत नाही. पात्रं दोनच : एक ‘वापरकर्ता’ आणि दुसरं ‘अधिकृत सेवा केंद्र’. पहिल्या पात्राने कशालाही हात लावायचा नाही आणि दुसऱ्याने फोन उचलायचा नाही, या ताणावर सगळं नाट्य उभं आहे.

पहिली चौदा पानं इशाऱ्यांची. यंत्रावर चढू नका, यंत्र समुद्रात वापरू नका, असल्या सूचना वाचून हसू येतं. पण त्या गर्दीत एक ओळ अशी आहे की तिथे वाचकाने थांबावं : मुलांना यंत्राच्या आत जाऊ देऊ नका. लेखक एवढंच म्हणून पुढे निघून जातो. खरं तर या ओळीमागे एक सबंध शोकांतिका आहे. जुन्या काळच्या फ्रिजना बाहेरून खटकन बसणारी कडी असे आणि आतून ती उघडता येत नसे. अमेरिकेत टाकून दिलेल्या अशा फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं शिरली आणि गुदमरून गेली. अखेर १९५६ साली तिथे कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९५८ च्या अखेरपासून बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असं ठरलं. आज आपला फ्रिज लोहचुंबकाच्या पट्टीने अलगद मिटतो, त्यामागे ही मुलं आहेत.

कपडे वाळवायच्या यंत्राच्या दारातही बहुधा हाच शहाणपणा असतो. त्याची खिटी कुलपासारखी बसत नाही, नुसती धरून ठेवते; बाहेरून ओढलं तरी सुटते, आतून ढकललं तरी सुटते. म्हणजे ती नाजूक असते ती मुद्दाम. समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनची गोष्ट वेगळी. तिच्या पोटात पाणी असतं, म्हणून तिचं दार विजेवर कुलूपबंद होतं आणि धुणं संपल्यावरही मिनिट-दोन मिनिटं उघडत नाही. हे एवढं कुणी सांगितलं असतं, तर ‘बेट्या, जोरात आपट म्हणजे बसेल’ ही आपली राष्ट्रीय उपचारपद्धती कितीतरी दारांवर झाली नसती. आपटून नाजूक खिटी सुधारत नाही, तिची जीभ वाकते.

या वाङ्मयाचं शिखर म्हणजे शेवटचा तक्ता : समस्या, कारण, उपाय. समस्या : यंत्र सुरू होत नाही. कारण : दार उघडं आहे. उपाय : दार बंद करा. ज्याचं दार बंदच होत नाही, त्या वाचकाच्या काळजाला हात घालणारी ही रचना आहे. तो धडधडत्या छातीने पुढची ओळ वाचतो. समस्या : दार बंद होत नाही. उपाय : अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. पडदा.

सेवा केंद्राने, फोन उचलल्यावर, सांगितलं की खिटी सुटी मिळत नाही, अख्खं दार घ्यावं लागेल. दाराची किंमत ऐकली तेव्हा मी हिशेबाचा माणूस असूनही आकडा पुन्हा विचारला. चष्म्याची दांडी मोडली म्हणून डोळे बदलून घ्या म्हणण्यातला हा प्रकार. शेजारी सहानुभूतीने सुचवत होते : चिकटपट्टी लावा, स्टूल टेकवून ठेवा. एका विद्वानाने तर दाराशेजारचा स्विच काडेपेटीच्या काडीने कायमचा दाबून ठेवायला सांगितलं. हे मात्र कुणी, कधी, चुकूनही करू नये.

का, ते बँकेच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, तेव्हा व्यवहार पुरा होतो. या दारातही तसेच दोन कारकून बसलेले आहेत. खिटी दार धरून ठेवते. स्विच ‘होय, दार लागलंय’ अशी सही करतो. मगच मोटरला वीज मिळते. स्विच काडीने दाबून ठेवणं म्हणजे मंजुरीचा शिक्का दोरीने टेबलाला बांधून साहेबाने घरी जाणं. मग दार उघडं असतानाही ड्रम गरगर फिरेल, आणि त्यात बाही जाईल, ओढणी जाईल, नाहीतर पोराचा हात.

पुस्तिकेत जे प्रकरण नाही, ते नाक्यावरच्या फ्रिज-मशीन दुरुस्तीवाल्याला तोंडपाठ होतं. त्याने पहिल्यांदा प्लग काढला, मगच चहाला हो म्हणाला. “साहेब, चारच कारणं असतात,” तो म्हणाला. “दारावरची जीभ वाकते, नाहीतर समोरचा प्लॅस्टिकचा कोयंडा झिजतो. बिजागरी सैल होऊन दार खाली बसतं. नाहीतर मग कडेला कपड्यांचा भुसका साठतो.” त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि भुसक्याची एक वात काढून दाखवली. मग दार वर उचलून पाहिलं; ते बिजागरीत हललं. “हे बघा वहिनी, जीभ कोयंड्याच्या खाली जातेय.” बिजागरीचे स्क्रू आवळले. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने कोयंड्याची दोन्ही बाजूंची कानं दाबून तो उपसला, उजेडात धरला; एक जबडा तुटला होता. पत्र्याच्या डब्यातून मापाचा दुसरा काढून दाबून बसवला. टक्. “लागलं, आणि यंत्र तरीही चाललं नसतं, तर स्विच गेला असं समजायचं,” हे त्याने जाता जाता फुकट सांगितलं. अर्ध्या तासात, दाराच्या किमतीच्या मानाने चिल्लर म्हणावी अशा पैशांत, त्याने आमच्या घरातले दोन्ही प्रकारचे खटके मिटवले.

आता थोडा तौलनिक विचार. युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन बनवणाऱ्यांवर बंधन आहे की दार, बिजागरी आणि दार लागण्याचा खटका हे भाग विक्री थांबल्यावरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत, आणि तेही केवळ कारागिराला नव्हे, साध्या गिऱ्हाइकालासुद्धा. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही यंत्रांवर, ती दुरुस्त करायला किती सोपी आहेत याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल उघडलं. दार उघडलं हे चांगलंच झालं.

या निकषांवर प्रस्तुत कृतीला काय गुण द्यावेत? छपाई सुबक, चित्रं स्पष्ट, बांधणी तीन पिनांची. इशारे भरपूर, विश्वास कमी. लेखकाला वाचक पुरेसा मूर्ख वाटतो, ही तिची मर्यादा. ज्याच्या घरात यंत्र आहे त्याला बिजागरीचे दोन स्क्रू आवळता येतात, भुसका पुसता येतो, आणि न जमणारं काम कोणतं हे सांगितलं तर तेही कळतं. पुढच्या आवृत्तीत समुद्राचा इशारा गाळून तेवढ्या जागेत खिटीचं एक चित्र आणि तिचा सुटा नंबर छापावा, एवढीच विनंती. मी दहापैकी तीन देतो. त्यातले दोन त्या मुलांविषयीच्या ओळीसाठी.

पृष्ठे : ४८. भाषा : बारा. मूल्य : यंत्राच्या किमतीत धरलेले.