दुर्ग आणि दुर्गवाङ्मय

मराठी दुर्गवर्णनाची भाषा सह्याद्रीने घडविली. कातळ, कडा, बुरूज, चोरवाट ही तिची शब्दसंपत्ती. आणि गडावर उभे राहून गनिमाची वाट पाहणाऱ्याची दृष्टी ही तिची दृष्टी होय. गो. नी. दांडेकरांनी ती पायी तुडविलेल्या वाटांतून मिळविली. म्हणून त्यांच्या लेखनात भक्ती असूनही पोकळपणा नाही. पुढे अनेकांनी भक्ती तेवढी उचलली आणि वाट सोडून दिली.

या भाषेची खरी कसोटी सह्याद्रीपासून दूर, छत्तीसगडात लागते. भिलाईच्या पोलाद-वसाहतीतील रुआबांधा येथून निघालेला प्रवासी लगतच्या दुर्ग शहरात येतो, तेव्हा गाव आणि किल्ला या दोहोंना एकच शब्द पुरतो असे त्यास दिसते. परंतु हा किल्ला मातीचा. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांसही तो भग्नावस्थेतच आढळला. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि उंचीचा मान तेव्हापासून कारखान्याकडे गेला. उंचीवर पोसलेले दुर्गवर्णन येथे पहिल्याच वाक्यात अडखळते.

त्याहून मोठी अडचण दृष्टीची आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडावर चालून गेल्या, तेव्हा याच किल्ल्याच्या उंचवट्यावर त्यांनी छावणी घातली. म्हणजे येथे मराठा गड राखणारा नव्हे. तो बाहेरून आलेला आहे. त्या मोहिमेचे सेनानी भास्करराम पुढील वर्षी बंगालवर उतरले. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात आरंभी ही स्वारी पापी जनांस शासन करणारी दैवी योजना म्हणून येते; पुढे गावेच्या गावे उजाड होतात आणि देवांची मर्जी पालटते. मराठी वाचकास हे काव्य अनुवादातूनही जड जाते, ते भाषेमुळे नव्हे. ज्या नावांस तो आपली म्हणतो तीच तेथे भयाची नावे आहेत म्हणून.

यावर उपाय अभिमान टाकून देणे हा नव्हे, आणि अपराधभावाचे प्रदर्शन तर नव्हेच. गंगारामाला जे एका काव्यात साधले, ते आपल्या गद्यास साधावे एवढीच अपेक्षा आहे. शिवनाथेच्या परिसरातील या शहरात तट शोधू पाहणाऱ्याने आपली छावणी कोणाच्या अंगणात पडली होती, हेही विचारावयास हवे. तो प्रश्न जोवर विचारला जात नाही, तोवर आपले दुर्गवाङ्मय तटाच्या एकाच बाजूचे राहील.